अपेक्षा पाठीवर पडते तेव्हा

तू काय करतेस असं अपेक्षाला कुणी विचारलं, की ती सांगते, "कामशेतला तांदळाच्या दुकानात असते." ते खरंच आहे. पण हीच बाई संध्याकाळी लोणावळ्याला येऊन माझं नाक सुजवते, ते मात्र सांगत नाही. म्हणून मी सांगते.

मी चैताली, तळेगावची. दिवसा कारखान्यात नोकरी, संध्याकाळी किकबॉक्सिंग. अपेक्षा पैलवान, कुस्तीतली. आमच्या जिममध्ये एमएमए चालतं, म्हणजे ठोसा, लाथ, कुस्ती, गळा आवळणं, सांधा पिरगाळणं, सगळं एकाच जाळीच्या पिंजऱ्यात. आमचं दोघींचं पहिल्या दिवसापासून भांडण एकच: कुणाची विद्या भारी आणि कुणाची जास्त धोक्याची?

"तुमी लय डोकी फोडून घेता," ती म्हणायची. "म्हातारपणी सोताचं नाव आठवायचं न्हाई तुला."

खोटं कशाला बोलू? ठोशांचा मार दिसत नाही, डोक्यात साठत जातो. पण मीही ऐकून घेणाऱ्यातली नाही. "आणि तू पट काढायला, पाय धरायला खाली वाकतेस तेव्हा वर माझा गुडघा येतो, त्याचं काय? आणि ती मान बघ आधी, वळते का धड?" पैलवानांच्या माना जातात, गुडघे जातात, कान तर बघायलाच नकोत. त्या मानाने गळा आवळण्याचा डाव बरा. समोरचीला वेळेत हाताने थोपटलं, टॅप केलं, की ती सोडते आणि तुम्ही घरी जाऊन जेवता. फक्त थोपटायची लाज वाटता कामा नये.

अपेक्षाला वाटायची. तिला कुस्ती शिकवली ती गावच्या तालमीचे वस्ताद अंबाजी आबांनी. मुलींना आखाड्यात घ्यायचं म्हणून हा माणूस अर्ध्या गावाशी भांडला होता. त्यांचं एकच सांगणं: पाठ लागली की कुस्ती संपली, म्हणून पडायची वेळ आलीच तर पालथं पडायचं, पोटावर. मातीत हे अगदी बरोबर. पिंजऱ्यात मात्र यासारखा घात नाही, कारण पालथं पडलं की समोरची पाठीवर बसते आणि मागून गळ्याभोवती हात घालते. अपेक्षा पिंजऱ्यातल्या पहिल्या दोन्ही लढती अशाच हरली. दुसरीत तर तिने थोपटलंच नाही, सरळ बेशुद्ध पडली. मी रडत रडत तिला हाका मारतेय, आणि डोळे उघडल्यावर बाई विचारते काय, "पाठ लागली का गं?" असा संताप आला ना मला!

आमचे सुहास सर रागावले की आवाज उलट खाली जातो. ते म्हणाले, "पुन्हा पालथी पडलीस तर तुझ्या लढती बंद. तुझ्या आईला नको तो फोन मला करायचा नाहीये." आणि मग नवा सराव सुरू झाला. मुद्दाम पाठीवर पडायचं, वरचीला पायांत अडकवायचं, तिचा हात पकडायचा. पाठ मॅटला टेकली की अपेक्षा डोळे गच्च मिटून घ्यायची. हळूहळू उघडे ठेवायला लागली. पण सराव वेगळा आणि खरी लढत वेगळी, हे तीही जाणून होती.

लढत लोणावळ्यातल्या एका लग्नाच्या हॉलमध्ये. मध्ये पिंजरा, मागे आदल्या दिवसाच्या रिसेप्शनची फुलांची कमान तशीच. समोर चिंचवडची प्रेरणा, ठोसे मारणारी, म्हणजे माझ्याच जातकुळीतली. आणि अपेक्षाचं निम्मं गाव टेम्पो भरून आलेलं! पुढच्या रांगेत अंबाजी आबा. त्यांनी असली लढत कधी पाहिली नव्हती.

सुरुवातीलाच अपेक्षाने असा पट काढला की प्रेरणा दाणकन पाठीवर. "चीत! झाली चीत!" गाव नाचायलाच लागलं. लढत अजून चालू आहे हे सांगता सांगता माझा घसा बसला. प्रेरणा सुटली, उठली. अपेक्षा पुन्हा वाकली, आणि या वेळी खालून गुडघा आला. भुवई फुटली. अपेक्षा कोसळली, प्रेरणा वर चढली आणि ठोशांवर ठोसे.

"पालथी हो! पालथी!" अख्खा हॉल ओरडत होता, आणि सगळ्यांत वर आबांचा आवाज. मी आणि सर बोंबलतोय, "पाठीवर राहा!" कोण ऐकतंय? अपेक्षाचा खांदा उचलला गेला. कंबर वळली. संपलं, मी म्हटलं.

आणि ती थांबली. आबांच्या देखत तिने दोन्ही खांदे मॅटला टेकवले. आबा मटकन खुर्चीत बसले.

पुढचा ठोसा आला तो अपेक्षाने दोन्ही हातांनी धरला. एक पाय प्रेरणाच्या तोंडावरून पलीकडे टाकला, तिला आडवी केली, हात मांड्यांमध्ये ताणला आणि कंबर उचलली. आर्मबार! असला सुंदर आर्मबार मी आयुष्यात पाहिला नाही! प्रेरणाचं कोपर उलटं वाकायला लागलं. पण ती थोपटेना. दातओठ खात तशीच पडून राहिली.

अपेक्षाने कंबर आणखी उचलली नाही. ती ओरडली, "थोपट की गं बये! हात मोडल्यावर उद्या कशानं लढशील?"

प्रेरणाने थोपटलं. मी तर खुर्चीवर चढून नाचले.

गावाला कोण जिंकलं तेच कळेना. आबा मात्र उठून पिंजऱ्याच्या दाराशी आले. भुवईला कापूस लावलेली अपेक्षा त्यांच्यासमोर मान खाली घालून उभी राहिली.

"आबा, पाठ टेकली माजी."

"बघितली मी."

"तुमचा आवाज येत व्हता मला. पर—"

"मी पालथी हो म्हणत व्हतो," आबा म्हणाले. "आन् ती पोरगी तुज्या पाठीवर बसायलाच टपली व्हती. मला दिसलं ते, पर मागनं." त्यांनी तिचं डोकं जवळ ओढलं. "बरं झालं पोरी, माजं ऐकलं न्हाईस."