बारावा अर्ज

विद्यापीठाचा बहिःशाल विभाग म्हणजे ज्यांचं शिकायचं वय उलटून गेलंय अशांना आणि ज्यांचं अजून आलेलं नाही अशांनाही शिकवणारा विभाग. त्याच्या तळमजल्यावर एक खिडकी आहे. तिच्यामागे गेली सव्वीस वर्षं ज्या बाई बसतात त्यांना सगळे खिडकीबाई म्हणतात. त्यांचं खरं नाव पगारपत्रकात आहे आणि तिथेच सुखात आहे.

खिडकीबाई तापट आहेत म्हणे. म्हणणाऱ्यांचं काय जातं? उन्हाळी वर्गांची नावनोंदणी सुरू झाली की त्यांच्या जागी देवमाणूस बसवला तरी तो आठ दिवसांत तापट होईल. एका आईला आपल्या सहा वर्षांच्या मुलीला यंत्रमानव बनवायच्या वर्गालाही घालायचं असतं आणि मातीकामालाही, आणि दोन्ही वर्ग एकाच वेळी आहेत हे तिला खिडकीबाईंचं कारस्थान वाटतं. एक निवृत्त गृहस्थ रोज येऊन जलरंगाच्या वर्गाची सगळी माहिती विचारतात, वहीत लिहून घेतात आणि दुसऱ्या दिवशी वही घरी विसरून येतात.

आणि अर्ज! खिडकीवर दोऱ्याने एक पुठ्ठा टांगलाय. त्यावर खिडकीबाईंच्या मोत्यासारख्या अक्षरात दोन ओळी आहेत: ‘एकही रकाना रिकामा ठेवू नये. खाडाखोड चालणार नाही.’ तो पुठ्ठा वाचूनही लोक नेमका एकच रकाना रिकामा ठेवतात. ‘शाळा अर्धवट सोडली असल्यास कारण.’ खिडकीबाई तो अर्ज दोन बोटांनी बाहेर ढकलतात. पालथ्या घड्यावर पाणी.

लिफ्टवालीचा अर्ज तर त्यांनी तीनदा परत केला होता. लिफ्टवाली म्हणजे त्याच इमारतीची लिफ्ट चालवणारी, चाळिशी ओलांडलेली, पाचवीतून शाळा सुटलेली बाई. तिला पदवीच्या पूर्वतयारी वर्गाला बसायचं होतं. शाळा पूर्ण न झालेल्या मोठ्या माणसांसाठी तीन महिन्यांचा हा वर्ग, मग परीक्षा, आणि पास झालात तर थेट पदवीला प्रवेश. चौथ्या वेळी तिने कारणाच्या रकान्यात ‘डोकं चालत नव्हतं’ असं लिहून आणलं. खिडकीबाईंनी समाधानाने शिक्का मारला.

आता नियम असा, की बारा अर्ज आले तरच वर्ग सुरू करायचा. अकरा आले तर रद्द. या नियमावर खिडकीबाईंनी फार पूर्वीच तोड काढली होती. वर्ग चांगला असेल आणि एखादा अर्ज कमी पडत असेल, तर त्या घरातलंच एक नाव भरायच्या. हजेरी तेव्हा शिक्षकांच्या मर्जीवर असे आणि शिक्षकांनाही वर्ग हवाच असे. या व्यवहारात त्यांच्या नवऱ्याला सात प्रमाणपत्रं मिळाली होती. दिवसाला मोजून चार वाक्यं बोलणारा तो माणूस भाषणकलेत उत्तीर्ण होता. घरगुती वीजजोडणीतही होता, आणि दिवा गेला की शेजाऱ्याला हाक मारत होता. इंजिनियर भावाच्या नावावर मधमाशीपालन होतं, भावजयीच्या नावावर पुस्तकबांधणी.

यंदा मात्र नवे साहेब आले आणि त्यांनी हजेरीला अंगठ्याचं यंत्र बसवलं. ज्याचं नाव त्याचाच अंगठा, तोही रोज. वर बजावलं, की शेवटच्या दिवशी पाच वाजेपर्यंत बारा झाले नाहीत तर पूर्वतयारीची खोली यंत्रमानववाल्या मुलांना द्यायची. नियम तो नियम. साहेबांचं बरं होतं, ते तिसऱ्या मजल्यावरून शेळ्या हाकत होते.

शेवटच्या दिवशी दुपारी तीनला अर्ज होते अकरा. त्यात एक शिंपी होता, बेकरीतले दोघे होते, आणि एक आजी होती, जिची सगळी मुलं पदवीधर झाली होती आणि आता घरात उठता-बसता तिच्या चुका काढत होती. वर्ग रद्द झाला की यांना पुढच्या वर्षी या म्हणून सांगायचं. पुढच्या वर्षी यातले निम्मेही परत येत नाहीत, हे खिडकीबाईंना पक्कं ठाऊक होतं.

खिडकीच्या बरोबर समोर लिफ्टचं दार. ते उघडलं की लिफ्टवाली विचारायची, “बाई, झाले का बारा?” तीन ते चारमध्ये तिने हे अकरा वेळा विचारलं. बाराव्या वेळी खिडकीबाईंनी तिला सांगितलं की आता विचारलंस तर मी जिन्याने लोक पाठवीन.

त्यांनी नवऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, मी येऊन बसतो की रोज. त्या म्हणाल्या, तुम्ही शाळा पास आहात, तुम्हाला नाही बसता येत. तो थोडा विचार करून म्हणाला, मग नापास करून टाक. एवढ्यावर त्याची त्या दिवसाची वाक्यं संपली.

मग भावाला फोन. त्याच्या कारखान्यात कुणीतरी असेल शाळा सुटलेलं, पाठवून दे म्हणून. भाऊ घाईत होता.

“ताई, शाळा सोडलेला माणूस मी आता कुठून आणू?” तो हसत म्हणाला. “आपल्यात आहे का कोणी तसं?”

खिडकीबाईंनी फोन ठेवला. इतका संताप त्यांना त्या निवृत्त गृहस्थांचाही कधी आला नव्हता. विसरला! सरळ विसरला. ज्याला कडेवर घेऊन शाळेच्या फाटकापर्यंत पोचवायचं आणि तिथून एकटीने घरी परत यायचं, तो विसरला.

पण मग त्यांना वाटलं, त्याला तरी काय बोल लावायचा. इथे कुणाला ठाऊक होतं? त्या विभागात लागल्या त्या पाणी भरायला आणि फरशी पुसायला. अक्षर सुंदर म्हणून कारकून रजेवर गेला तेव्हा त्यांना खिडकीत बसवलं, आणि कारकून परतलाच नाही. नवे आलेले त्यांना पदवीधर समजले. त्यांनी कुणाला तसं सांगितलं नाही, आणि कुणाचा गैरसमज दूरही केला नाही.

साडेचारला त्यांनी गठ्ठ्यातून एक कोरा अर्ज ओढला. नाव, पत्ता, वय. शिक्षण: सातवी. हात जरा थांबला, पण लिहिलं. पुढचा एक रकाना मात्र सोडून दिला आणि खाली सही केली.

अर्ज आतल्या आत घ्यायचा नाही, तो खिडकीतूनच यायला हवा, हा त्यांचाच नियम. त्या उठल्या, वळसा घालून बाहेर आल्या. सव्वीस वर्षांत त्या या बाजूला कधी उभ्या राहिल्या नव्हत्या. खिडकी फारच खाली होती. वाकावं लागलं, आणि वाकताना तो मेला पुठ्ठा कपाळावर आपटला.

तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं. लिफ्टवालीने विचारायला तोंड उघडलं, पण बाईंना बाहेर बघून ते तसंच राहिलं. ती जवळ आली. अर्जावरचं नाव तिने वाचलं, शिक्षण वाचलं, आणि त्याखालच्या रकान्यावर बोट ठेवलं.

“बाई,” ती हळूच म्हणाली, “हा रकाना रिकामा राहिलाय.”

“कळतंय मला,” खिडकीबाई खेकसल्या. “मला नको शिकवूस.”

लिफ्टवालीने खिशातलं पेन काढून पुढे धरलं.

खिडकीबाईंनी पेन घेतलं. हजारो माणसांना त्यांनी हा प्रश्न विचारला होता, त्यांना स्वतःला आजवर कुणी विचारला नव्हता. त्यांनी लिहिलं: भावाची शाळा सुरू झाली.

लिफ्टवालीने एकेक शब्द सावकाश वाचला. मग म्हणाली, “माझं डोकं चांगलं चालायचं, बाई. वर्गात दुसरी होते मी. पण तुम्ही तिसऱ्यांदा परत केलात, मग लिहिलं आपलं काहीतरी.”

खिडकीबाई आत गेल्या. स्वतःचा अर्ज वरपासून खालपर्यंत तपासून त्यावर शिक्का मारला. बारा झाले. घड्याळात पाचला दहा कमी होते. एकदा शिक्का बसलेला अर्ज त्यांनी सव्वीस वर्षांत कुणाला परत दिला नव्हता. त्यांनी गठ्ठा सोडला, लिफ्टवालीचा अर्ज शोधून काढला आणि दोन बोटांनी खिडकीतून बाहेर ढकलला.

“नीट लिही,” त्या म्हणाल्या. “खाडाखोड चालेल.”