ताकाचा भाव आणि निसळ सरांचा अर्ज

सकाळी सव्वासात ही आमच्या घरात कुणी कुणाशी धड बोलत नाही अशी वेळ. सृष्टीची एक वेणी झालेली, दुसरी अर्धी. तव्यावर पोळी. नवरा, मंदार, चार्जर शोधत घरभर फिरत होता आणि चार्जर कुणी उचलला ते मला विचारत होता. तेवढ्यात दाराची कडी वाजली.

बेल असताना कडी वाजवणारा माणूस आमच्या आळीत एकच, गंगाधर निसळ सर. मी तव्याखालचा गॅस बंद केला आणि पिठाच्या हातानंच दार उघडलं.

सर आत आले नाहीत. बाहेर उभं राहूनच विचारलं, आज दिवसभर माझ्याबरोबर येशील का. राजगडाच्या बाजूला एका कचेरीत अकरा वाजता बोलावलं होतं. तिथं काहीतरी लिहून द्यावं लागणार, आणि त्यांचा हात आता इतका थरथरतो की स्वतःचं लिहिलेलं त्यांना स्वतःलाच लागत नाही. "तुझं अक्षर अजून तसंच आहे ना?" एवढं म्हणाले.

मी नाही म्हणणार होते. दुपारी मंदारची आत्या जेवायला यायची होती, कोथिंबीरसुद्धा निवडायची राहिली होती. पण सरांच्या शर्टाचं एक बटण भलत्याच काजात अडकलं होतं आणि एक बाजू वर, एक खाली अशी लोंबत होती. सरांना असं मी कधी पाहिलं नव्हतं. आत्याला फोन करून उद्या बोलावलं, अर्धी वेणी मंदारच्या हातात दिली आणि साडी बदलली.

सरांनी भोरमध्ये चौतीस वर्षं अर्थशास्त्र शिकवलं. मीही त्यांच्याच हाताखालची. आम्ही मुलं त्यांना मागे 'करूद्या सर' म्हणायचो. कुठलाही प्रश्न काढा, दुधाचे भाव, माणसं भरून नेणारी वडापची जीप, कोपऱ्यावर गाडी लावणारा भेळवाला, सरांचं उत्तर ठरलेलं: कुणाला इजा होत नाही ना? मग करू द्या त्याला. सरकारनं चोर पकडावेत, भांडणं सोडवावीत, रस्ता धड ठेवावा आणि संध्याकाळी घरी जावं. भाव कुणी ठरवून ठरत नसतो, म्हणायचे, तो हजारो माणसांनी एकमेकांना धाडलेला निरोप असतो. तुम्ही मध्ये पडून निरोप बदललात तर माल नको तिथं जाणार आणि हवा तिथं पोचणार नाही.

वर्गात एकदा कुणीतरी विचारलं होतं, सर, मग तुमचा पगार कोण देतं? सगळा वर्ग फिदीफिदी हसला. सरही हसले. म्हणाले, "म्हणून तर मी त्याला इतक्या जवळून ओळखतो."

निवृत्त झाल्यावर निराळीच गंमत झाली. सरकारनं माणसाच्या आयुष्यात कमीत कमी यावं असं म्हणणाऱ्या माणसाच्या ओसरीवर रोज सकाळी सरकारकडे काहीतरी मागणारी माणसं येऊन बसू लागली. कुणाचा सातबारा चुकलेला, कुणाला रेशनकार्डातून वगळलेलं. गुंजवणीच्या धरणात जमीन गेलेली माणसं तर हातात पिशवी घेऊन यायची, पिशवीत फक्त कागद. सर सगळ्यांचे अर्ज लिहून द्यायचे, फुकट. मी एकदा चिडवलं, तुम्ही तर त्यांच्या दारात गर्दी वाढवताय. सर म्हणाले, दार त्यांनीच बसवलंय, बाई, कडी तरी दाखवतो मी लोकांना.

आणि बनाबाई. ती ओसरीवर कधीच काही मागायला आली नाही.

बनाबाई राजगडाखालच्या धनगरवाड्यातली. चार म्हशी, थोडी शेरडं. शनिवार-रविवारी गड चढणाऱ्या मंडळींना ताक विकते. महिन्या-दोन महिन्यांनी भोरला आली की सरांना लोण्याचा गोळा देऊन जायची, कारण तिच्या मुलीच्या दाखल्यासाठी सर कधीतरी आपणहून खेटे घालून आले होते. ताक पायथ्याला वीस रुपये पेला, निम्म्या वाटेवर सावलीला तीस, आणि पद्मावती माचीवर चाळीस. ताक तेच. पण वर जाणारी कॅन तिच्या डोक्यावरून जायची, अडीच तास. सर हे दर वर्षी वर्गात सांगायचे. त्यांना पुस्तकातलं उदाहरण कधी लागलंच नाही. वरच्या पेल्यातले जास्तीचे पैसे कशाचे, असं विचारायचे आणि आम्ही सगळे एका सुरात म्हणायचो, चढाचे.

गेल्या वर्षी पायथ्याच्या गावातल्या समितीनं पाटी लावली. गडावर कुठंही ताक वीस रुपये, सरबत वीस रुपये. शहरातल्या पोरांनी मोबाईलवर लिहिलं होतं म्हणे, वर लूट चालते, आणि गावाचं नाव खराब होतं म्हणून समितीच्या मानसिंगनं हा उपाय काढला. माणूस वाईट नाही. गाड्या लावायची जागा त्याची, चार लोक गावात यावेत एवढीच त्याची इच्छा. बनाबाईनं काय केलं? काही नाही. कॅन वर न्यायचं बंद केलं आणि पायथ्याला बसली. वीसच मिळणार तर चढायचं कशाला? माचीवर ताक दिसेनासं झालं.

हे तिनं सरांना लोणी देताना सहज सांगितलं. तक्रार म्हणून नाही, यंदा आंबे कमी आले म्हणावं तसं. पण सर पेटले. चौतीस वर्षं फळ्यावर जे लिहिलं ते कुणीतरी पाटीवर उलटं लिहून ठेवलं होतं. त्या आठवड्यात त्यांनी राजगडाकडच्या सरकारी कचेरीत तीन पानी अर्ज केला. समितीला भाव बांधण्याचा अधिकार कोणत्या कायद्यानं, पाटी उतरवण्याचा आदेश व्हावा, वगैरे. हात थरथरत होता तरी स्वतः लिहिला. मला वाचून दाखवला तेव्हा मीही वा म्हटलं. त्या वाची आता मला लाज वाटते.

अडीच महिन्यांनी निकाल आला. सर जिंकले. समितीला असा अधिकार नाही, पाटी काढावी. त्याखाली दुसरा परिच्छेद होता. चौकशीत असं दिसून आलं की गडावर अकरा जण विनानोंदणी, विनापरवाना खाद्यपेय विकतात. त्यांनी आवश्यक ती कागदपत्रं सादर करेपर्यंत विक्री बंद ठेवावी.

पाटी उतरली. ताकवालेही उतरले. पाच रविवार झाले, गडावर कुणी बसलेलं नाही. अकरा घरांचं दूध घरीच तापतंय, आणि बाकीची दहा घरं बनाबाईशी बोलत नाहीत, कारण मास्तर तिचा.

बस कापूरहोळला आली. मी त्यांना बटणाचं सांगितलं, त्यांनी ते सोडलं आणि नीट लावायला इतका वेळ घेतला की कामथडी आलं. मग मीच विचारलं, मानसिंगशी आधी बोलला असतात तर?

"तेच करायला हवं होतं," सर म्हणाले. "एक चहा प्यायलो असतो तर पाटी उतरली असती. वर न्यायचे जास्त पडतात हे त्याला कळत नाही का? त्याची आई दूध घालायला मैलोनमैल चालत जायची." नसरापूरच्या अलीकडे पुन्हा बोलले. "चौतीस वर्षं पोरांना सांगितलं, माणसं आपसात ठरवू शकतात, वरून कुणी ठरवायला नको. माझ्यावर वेळ आली तेव्हा मी पहिला कागद काढला, सौदामिनी. वरच्यालाच हाक मारली."

मी पाण्याची बाटली पुढे केली. त्यांनी दोन घोट घेतले.

नसरापूरला बस बदलून आम्ही पोचलो तेव्हा कचेरीच्या पायऱ्यांवर बनाबाई बसली होती, आणि तिच्याशेजारी खुद्द मानसिंग. त्याच्याच जीपमधून दोघं आले होते. ताक नाही म्हणून वर चढणारे कमी झाले, चढणारे कमी म्हणून गाड्या कमी. सरांना पाहून मानसिंग उठून उभा राहिला, अगदी आदरानं, आणि म्हणाला, "या सर. बाजार लई मोकळा केलात तुमी. कुत्रं न्हाई तितं आता."

"गप की," बनाबाई म्हणाली. सरांना बसायला तिनं पदरानं पायरी झाडली. सर तिच्याकडे बघत नव्हते. ती खालच्या आवाजात म्हणाली, "मास्तर, तुमी माझ्यापायीच केलंत, मला म्हाईत हाय. पर आता अजून काय करू नगा."

सरांनी मान हलवली. एवढं साधं वाक्य त्यांना आजवर कुणी ऐकवलं नसावं. त्यांच्या ओसरीवर येणारा प्रत्येक जण काहीतरी करा म्हणून यायचा.

आत साहेब तरुण होते, बोलायला गोड. आम्हां चौघांना बसवलं, चहा मागवला. काय काय लागेल ते त्यांनी वाचून दाखवलं: खाद्यविक्रीची नोंदणी, आरोग्य तपासणीचा दाखला, पाण्याचा अहवाल, ओळखपत्र, गड आणि जंगल ज्यांच्याकडे आहे त्या दोन्ही खात्यांचं ना-हरकत. मी लिहून घेत होते, पान उलटावं लागलं. मग म्हणाले, चांगली बाजूही आहे. गट केलात तर एकसारख्या छत्र्या मिळतील, बिल्ले मिळतील, पुण्यात तीन दिवसांचं प्रशिक्षण आहे.

"कशाचं?" बनाबाईनं विचारलं.

"पदार्थ कसे करायचे, स्वच्छता..."

"ताक करायला शिकवत्यात व्हय?" ती खरंच विचारत होती. "आन् म्हशी तीन दिस कोण पिळनार? ते बी शिकवत्यात का?"

मानसिंग खोकल्यासारखं करून हसला. साहेबही हसले, आणि हसल्यावर जरा सैल झाले. खुर्ची मागे सरकवून म्हणाले, मीही गडावर जायचो, कॉलेजात असताना. माचीवर ह्यांच्याकडेच ताक प्यायलो असेन, चाळीसला. महाग नव्हतं.

"मग बंद का केलंत?" हे मी विचारलं. मी मध्ये बोलायला नको होतं, पण बोलले.

साहेबांनी समोरची फाइल हातानं सरळ केली. त्यांचं म्हणणं असं, की मला कुणाचं काही बंद करायचं नव्हतं. इतकी वर्षं ही माणसं तिथं बसतात हे इथल्या शिपायालाही माहीत आहे. पण माहीत असणं वेगळं आणि टेबलावर येणं वेगळं. सरांनी लिहून दिलं, गडावर विक्री होते. लिहून आलं की मला उत्तर द्यावं लागतं, आणि उत्तर द्यायचं तर सगळंच बघावं लागतं. ते सरांवर रागावून बोलत नव्हते. उलट असं सांगत होते, की एवढा मुद्देसूद अर्ज या कचेरीत क्वचित येतो.

सरांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, आता बोलतील. वर्गात असे डोळे मिटले की पुढची वीस मिनिटं त्यांचीच असायची, भाव म्हणजे काय, राज्य कशासाठी, माणसाला एकटं सोडणं हाही न्यायच कसा. मी पेनाचं टोपण काढून ठेवलं.

पण आधी मानसिंगनंच साहेबांना विचारलं, आता माघारी काही होतंय का. समितीचं म्हणणं मागे घेतो, पाटी परत लावणार नाही, वर काय भाव घ्यायचा तो ज्याचा त्यानं घ्यावा. त्याचं आणि बनाबाईचं जीपमध्येच ठरलं होतं. रविवारी बसू द्या म्हणजे झालं.

साहेब म्हणाले, समितीचा प्रश्न नाही, अर्ज सरांचा आहे. अर्जदारानंच मागे घेतला तर फाइल बंद करता येईल का हे मला वर विचारावं लागेल. नक्की सांगत नाही. पण आधी सरांची मागणी काय आहे ती कळू दे, लिहून द्या.

सगळे सरांकडे बघू लागले. बनाबाईनं हातातली पिशवी खाली ठेवली. सरांनी माझ्याकडे कागद आहे ना ते पाहिलं, तारीख घालायला सांगितली, कचेरीचं नाव, मग स्वतःचं पूर्ण नाव. विषय म्हणून काय लिहू, मी विचारलं. विषय नको, म्हणाले. मग साहेबांकडे बघून सावकाश सांगितलं, मला लिहिता यावं म्हणून.

"माझा अर्ज मला परत द्या."