भंगाराचं सोंग

पूल ओलांडला तेव्हा सव्वाअकरा वाजले होते आणि सांगायचं ते वहिनीने अजून सांगितलंच नव्हतं. बस पुलाच्या अलीकडूनच परत फिरायची. पुढचा रस्ता पायीच तुडवायचा होता आणि नगरपालिकेचं भंगाराचं आवार होतं पार त्याच्या शेवटाला. बारा वाजता तिथलं दाबयंत्र सुरू होतं. एकदा त्यात गेलं की मोटार असो की मोटरसायकल, बाहेर येते ती बसायच्या पाटाएवढी होऊन.

नणंद दहा पावलं पुढे होती. आठ दिवस कंबर धरून अंथरुणात पडलेली बाई, पण आज अशी सुटली होती की तिच्याबरोबर चालताना वहिनीलाच धाप लागत होती. गाड्यांच्या सीटा शिवायचं तिचं दुकान. हातात कायम दाभण, आणि जिभेलाही तसंच टोक, म्हणून सगळा बोळ तिला दाभणताई म्हणायचा. वहिनीपेक्षा ती चार वर्षांनी धाकटी. पण नवऱ्याची बहीण म्हणून वहिनी पहिल्या दिवसापासून तिला ताई आणि तुम्ही म्हणत आली, आणि ती वहिनीला अगंतुगं करत आली.

"वहिनी, पाय उचल. प्रदक्षिणा घालायला निघालीस का?"

"येतेय हो. तुम्हीच जरा दम घ्या."

"दम गाडी मिळाल्यावर घेऊ."

ताईची ही तिसरी मोटरसायकल. घराला अंगण नाही, जिना अरुंद, त्यामुळे गाडी कायम खिडकीखाली उघड्यावर. पहिली चोरांनी हँडलचं कुलूप मोडून नेली. दुसरीला मनगटाएवढी जाड साखळी होती. त्यांनी ती कापली आणि नीट गुंडाळी करून दाराच्या पायरीवर ठेवून गेले. गाडी गेल्यापेक्षा त्या गुंडाळीचाच ताईला जास्त राग आला. तिसरी घेतली तेव्हा ती म्हणाली, "कुलूप दिसलं की चोराच्या तोंडाला पाणी सुटतं. आता त्याला बघावंसंच वाटणार नाही, असं करते."

जन्मभर लोकांच्या फाटक्या सीटा नव्या करून देणारी बाई आपली कोरी लाल गाडी जुनी करायला बसली. मळकं रेक्झिन आणलं, त्याला बेताने भोकं पाडली, भोकांतून कुजका स्पंज बाहेर काढला. टाकीलाही त्याच कापडाचा झगा. मडगार्डवर डिंकात कालवलेली विटेची पूड, म्हणजे बघणाऱ्याने गंजच समजावा. नंबरप्लेटला चिखल. शिवाय घरी आलं की इंजिनाचा प्लग काढून कंपासपेटीत टाकायचा. दोन वर्षं गाडीला कुणी बोटही लावलं नाही. ओळखीचे लोक हळहळायचे, "अहो, आता तरी नवी घ्या." ताई वरून मान हलवायची आणि आतून फुलायची.

आणि नेमकं परवापासून बस डेपोचं काम सुरू व्हायचं होतं. चाळीस बसच्या सीटा. एवढं मोठं काम तिला उभ्या आयुष्यात मिळालं नव्हतं. जड शिलाई मशीन मागे बांधून रोज डेपोत न्यायची होती. गाडी नाही तर काम नाही.

आज सकाळी नगरपालिकेची लॉरी आली आणि त्या गाडीला उचलून घेऊन गेली.

वहिनीने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि पावलं उचलून ताईला गाठलं. "ताई, त्या लॉरीला मीच बोलावलं."

ताई चालतच राहिली. "म्हणजे?"

"बोळाच्या तोंडाशी त्या दोन मोडक्या मोटारी पडल्यात ना, त्या उचला म्हणून सगळ्यांनी अर्ज द्यायचं ठरवलं. माझं अक्षर बरं, म्हणून लिहायला मला बसवलं. दोन मोटारी, एवढंच लिहायचं होतं. मी पुढे 'व इतर भंगार' असं जोडलं."

"का?"

"वाक्य तोकडं वाटत होतं."

आता ताई थांबली. वहिनीकडे तिने वरपासून खालपर्यंत एकदा बघितलं. "वाक्य तोकडं," एवढंच म्हणाली आणि पुन्हा चालू लागली. तिने चार टोमणे मारले असते तर वहिनीला ते फुलासारखे वाटले असते. देवा, मला काय द्यायची ती शिक्षा दे, पण ते यंत्र तेवढं थोडा वेळ बंद ठेव, असं म्हणत ती मागून जवळजवळ पळत राहिली.

आवाराच्या फाटकातून शिरल्या तेव्हा यंत्र बारासाठी तापवायला लावलेलं, रिकामंच घरघरत होतं. गाडी ढिगाच्या कडेला उभी आणि वर क्रेनचा पंजा लोंबतोय. कारकून चष्मा कपाळावर चढवून टेबलाशी बसला होता. त्याने आधी गाडीचे कागद बघितले, मग गाडी बघितली.

"बाई, कागदावर रंग लाल आहे. ही तर मातकट आहे. आणि ही गाडी मेलेली आहे."

"मेलेली नाही. तसं शिवलंय."

"शिवलंय?" कारकुनाने क्रेनवाल्याकडे पाहिलं. क्रेनवाला हसला. "बरं. चालू करून दाखवा आणि घेऊन जा. बाराचा भोंगा झाला की मी थांबणार नाही."

भोंग्याला सात मिनिटं होती. ताई गाडीशी वाकायला गेली आणि अर्ध्यातच कंबर धरून उभी राहिली. खाली जाववेना, वर येववेना.

"वहिनी, वाक," ती दात आवळून म्हणाली. "सीटखाली डावीकडून तिसरा टाका. साखळी टाका आहे, पोत्याच्या तोंडाला असतो तो. मोकळं टोक सापडेल. ओढ."

वहिनी पदर खोचून गुडघ्यावर बसली. एक टोक ओढलं तर ते घट्टच झालं.

"ते नव्हे, दुसरं."

दुसरं ओढलं, आणि सर्रर्र करून दोरा सुटला तो सुटतच गेला. सीटवरून, टाकीवरून, मागून पुढे. मळका झगा गळून पडला आणि खालून लालभडक टाकी उन्हात अशी चमकली की क्रेनवाला केबिनमधून उतरून खाली आला. आणखी चार माणसं हातातलं काम टाकून धावली. कारकुनाने चष्मा डोळ्यांवर घेतला.

"अहो, हे आमच्या सीटचं पण करून द्याल का?" क्रेनवाला म्हणाला.

"तुमची आधीच तशी दिसते," ताई म्हणाली आणि पिशवीतल्या कंपासपेटीतून प्लग काढून तशीच अर्धवट वाकून बसवू लागली. "वहिनी, किक मार. माझ्याने व्हायचं नाही."

"मी?"

"मग काय अर्ज लिहून चालू होणारे?"

वहिनीने किक मारली. काही नाही. दुसऱ्यांदा मारली तर पायातली चप्पल उडून कारकुनाच्या टेबलावर गेली. कुणी हसलं नाही. भोंग्याला दोन मिनिटं होती. तिने देवाचं नाव घेतलं, अंगाचा सगळा भार त्या एका पायावर टाकला, आणि गाडी धडधडली. क्रेनवाल्यासकट पाचही माणसांनी टाळ्या वाजवल्या. कारकुनाने चप्पल दोन बोटांत धरून आणून दिली आणि वहीत त्या गाडीवर आडवी रेघ मारली.

परतताना ताईच कंबर ताठ धरून चालवत होती. वहिनी मागे बसून दोन्ही हातांनी तो फाटका झगा पोटाशी कवटाळून होती. वारा तोंडावर येत होता आणि तिचं काळीज अजून इंजिनाबरोबरच धडधडत होतं.

"परत शिवणार का हो?" तिने विचारलं.

"आजच. चोर काही संपले नाहीत." पूल आला तसा ताईने वेग कमी केला. मग मान जराशी वळवून बोलली, "गाडी आठ दिवस हलली नाही, म्हणून लॉरीवाल्यांना ती मेलेली वाटली. तुझं ते इतर भंगार नंतरचं. माझी कंबर काय, पुन्हा धरणारच, वहिनी. उद्या सकाळी डेपोमागच्या मैदानावर माझ्याबरोबर ये. गाडी शिक. मी अंथरुणात असले की तू तिला रोज बोळातून फिरवून आणायचीस. एवढं कर माझ्यासाठी."