रूळ चांगला होता

छडी बोटांवर एकदा बसली की पळायचं. दोनदा बसली की थांबायचं.

साहेब आमच्याशी बोलत नसे. त्याची ट्रॉली म्हणजे रुळावर चालणारी चार चाकांची लाकडी फळी. फळीवर बाक. बाकावर साहेब, डोक्यावर दांड्यात रोवलेली मोठी छत्री. मागं आम्ही चौघं, आडवा दांडा धरून, अनवाणी, रुळावरून पळत. रूळ चार बोटं रुंद. वैशाखात त्यावर पाय ठेवला की तळव्याची कातडी सोलून निघायची. साहेब मागं वळून बघत नसे. नुसती छडी मागं यायची आणि दांड्यावरच्या बोटांवर बसायची. कुणाच्या बोटांवर बसली ते त्यालाही ठाऊक नसायचं.

पहिल्या दिवशी मी विचारलं, "साहेब, कुठपर्यंत जायचं?"

साहेबानं माझ्याकडं पाहिलं नाही. शेजारी उभ्या मुकादमाला म्हणाला, "याला सांग. ट्रॉली विचारत नाही, कुठं जायचं."

सगळे हसले. मुकादम हसला. बाकीचे तिघं ढकलणारे हसले. मीही हसलो. त्या हसण्याची चव अजून तोंडात आहे.

त्या दिवसापासून मी तीन नंबर. नाव नाही. डाव्या रुळावर पुढचा एक, त्याच्यामागं दोन, उजव्या रुळावर पुढचा तीन.

आमचं घर खाडीच्या काठावर. बाप दुसऱ्याच्या आगरात मीठ पिकवायचा. खाऱ्या पाण्यात उभा राहून राहून त्याच्या पायाला जी भोकं पडली ती मरेपर्यंत भरली नाहीत. आई मी लहान असतानाच गेली. मला वाढवला तो थोरल्या भावानं. दादानं. मग पनवेलहून खाडीच्या अंगानं नवी लाईन आली. खाजणात, भरतीच्या पाण्याखाली जाणाऱ्या दलदलीत, मातीचा भराव पडला, भरावावर खडी, खडीवर स्लीपर, स्लीपरवर रूळ. दादा आधी भराव टाकायला गेला, मग गँगमध्ये लागला. लाईन नीट राखायची हे गँगचं काम. खडी ठोकायची, खिळे बसवायचे, वाकलेला रूळ सरळ करायचा. दादानंच मुकादमाचे पाय धरून मला ट्रॉलीवर लावलं. घरी वैनी, त्यांची दोन पोरं आणि मी. आगरातून सुटलो, असं आम्हाला वाटलं होतं.

रूळ उचलताना एकानं हाळी द्यायची असते. सगळ्यांचा जोर एकाच वेळी लागला पाहिजे, नाहीतर रूळ घात करतो. आमच्या गँगची हाळी दादा द्यायचा. आवाज असा की खाडीपलीकडचे बगळे उडायचे. साहेब जवळ असला की दादा त्या हाळीत आमच्या बोलीतल्या शिव्या घालायचा. साहेबाच्या टकलाला, पोटाला, छत्रीला. गँग पोट धरून हसायची आणि त्याच हसण्याच्या जोरावर रूळ उचलायची. साहेबाला वाटायचं, देवाचं नाव घेतायत. एकदा मान डोलावून म्हणाला, "छान, छान. भक्ती पाहिजे."

दादा असा होता.

त्या दिवशी साहेब घाईत होता. दुसऱ्या दिवशी मोठा साहेब लाईन बघायला येणार होता. ट्रॉलीला नवा रंग दिला होता. बाकावर नवी गादी, गादीवर पांढरा अभ्रा. भरावाच्या पायथ्याशी एक जादा रूळ पडला होता, गवतात, कुणाच्या अध्यात ना मध्यात. साहेबाला तो दिसला. "हा वर आणा. लाईनीच्या कडेला नीट मांडून ठेवा. मोठ्या साहेबांना दिसला तर काय म्हणतील?"

हिराजी मुकादम म्हातारा माणूस. त्यानं हात जोडले. "साहेब, मानसं कमी हायत. निम्मी तुमच्या बंगल्यावर चुना मारायला गेलीत. उंद्या सकाळी उचलतो."

"उद्या मोठे साहेब येणार. आज."

आम्हा चौघांना ट्रॉली सोडायची परवानगी नव्हती. आम्ही वर उभे राहून बघत होतो. खाली दादा आणि उरलेली गँग. रुळाला उचलायचे लोखंडी चिमटे लागले. दादानं हाळी दिली. रूळ उठला. भरावाचा चढ लागला. कुणाचा तरी पाय खडीवरून सरकला. एक बाजू गेली, मग दुसरी. ज्यांना उड्या मारता आल्या त्यांनी मारल्या. दादा खालच्या अंगाला होता.

हाळी अर्धीच राहिली.

रूळ मांडीवर पडला होता. सगळ्यांनी मिळून उचलला तेव्हा गुडघ्याच्या वर हाड बाहेर आलेलं दिसलं. रक्त खडीत झिरपत होतं. हिराजीनं डोक्याचं फडकं सोडून मांडी आवळली. फडकं भिजलं. दुसरं बांधलं. तेही भिजलं. दादाला उचलून वर आणला, लाईनीच्या कडेला निजवला.

हिराजी साहेबाकडं धावला. "साहेब, ट्रॉलीवरनं न्यायला पायजे. पनवेलला दवाखाना हाय."

साहेबानं गादीकडं बघितलं. आधी गादीकडं. मी बघितलंय.

"अभ्र्यावर डाग पडतील. उद्या मोठे साहेब बसायचेत."

"गादी काढतो, साहेब. फळीवर निजवतो."

"ट्रॉली तपासणीची आहे. खाटलं आणा कुठून तरी, चालत न्या." मग जरा मायेनं बोलावं तसं म्हणाला, "अरे, मिठात मुरलेली हाडं आहेत ही. एवढ्यानं काही होत नाही."

आणि जाऊन बाकावर बसला. छडी मागं आली.

माझ्या बोटांवर बसली.

मी दादाजवळून दांड्यापाशी कधी येऊन उभा राहिलो होतो, मला कळलं नव्हतं. छडी बसली आणि माझे पाय पळायला लागले. भाऊ कडेला पडलेला आणि माझे पाय रुळावरून पळतायत. मी पाय पळवले नाहीत. ते पळाले. छडीनं त्यांना तसं शिकवलं होतं. एवढी वर्षं माझ्या अंगावर मालकी कुणाची होती, ते मला त्या क्षणी दिसलं.

फार लांब गेलो नव्हतो, तोच मागून शिट्टी ऐकू आली. उरणच्या बाजूनं मालगाडी येत होती. साहेब उतरला. आम्ही चौघांनी ट्रॉली उचलून रुळाबाहेर ठेवली. गाडी जाऊ द्यायची, मग ट्रॉली परत चढवायची. रोजचंच काम.

हिराजी धापा टाकत माझ्याजवळ आला. हळूच म्हणाला, "ही पनवेललाच चाललीय रं."

साहेबाच्या कानावर गेलं. "लाल झेंडी लाईनीला धोका असेल तरच. लाईन चांगली आहे. कुणी शहाणपणा करायचा नाही."

झेंडी ट्रॉलीच्या खोबणीत होती. मी ती उपसली आणि पळालो. मागं साहेब ओरडत होता. छडी एकदा खांद्यावर बसली, एकदा पाठीवर. मग त्याला गाठता आलं नाही. मी दोन रुळांच्या मधून इंजिनाच्या दिशेनं पळत होतो, झेंडी दोन्ही हातांनी वर धरून. पहिल्यांदाच माझे पाय माझ्या सांगण्यावरून पळत होते.

गाडीनं ब्रेक मारला. चाकं किंचाळत आली आणि इंजिन माझ्या अगदी पुढ्यात थांबलं. वाफेनं मला काही दिसेना. ड्रायव्हर खिडकीतून ओणवला. कोळशानं काळा झालेला दाढीवाला माणूस.

"क्या हुआ? पटरी टूटी?"

"पटरी बरी हाय," मी म्हणालो. "माझा भाव मोडलाय."

तेवढ्यात साहेब पोचला. टोपी गेलेली, घाम निथळतोय. "काही झालेलं नाही. हा वेडा झालाय. तुम्ही गाडी काढा. मी बघतो याच्याकडं."

ड्रायव्हरनं मान लांबवून कडेला पडलेल्या दादाकडं पाहिलं. भोवती उभ्या गँगकडं पाहिलं. मग साहेबाला म्हणाला, "अब रुक गयी है तो डाल दो उसको."

गार्डाचा डबा गाडीच्या शेपटाला. तिथवर दादाला न्यायचं म्हणजे सगळ्या वाघिणींच्या कडेनं खडीतून चालायचं. आम्ही नेला. माझ्याबरोबरचे तिघंही आले. साहेबाच्या देखत आले, हे मी विसरणार नाही.

गाडी सुटली. दादाचं डोकं माझ्या मांडीवर. ओठ पांढरे पडले होते. मधेच त्यानं डोळे उघडले.

"गारी कुनी थांबवली?"

"मी."

"कोनासाठी?"

"तुझ्यासाठी."

तो माझ्याकडं बघत राहिला. पटत नव्हतं त्याला. "आपल्यासाठी?" म्हणाला. "आपल्यासाठी गारी थांबली?"

"व्हय दादा."

"आयला," म्हणाला.

पनवेलच्या अलीकडं तो गेला. गार्डानं टोपी काढली.

मला कामावरून घरी बसवलं. लाईनीला दोष नसताना गाडी थांबवली, हा गुन्हा. चौकशी लागली. दहावा-बारावा झाला आणि हिराजी मुकादम घरी आला. ओटीवर बसला. वैनीनं पाणी दिलं ते तसंच हातात धरून बसला.

मग म्हणाला, "साहेबांनी निरोप दिलाय. चौकशीत सांगायचं, रूळ तडकला व्हता. उन्हानं तडा गेला व्हता म्हनून झेंडी दावली. साहेब पन तसंच सांगतील. तू कामावर परत. शाबासकी भेटंल वर."

"नि दादा?"

हिराजीनं मान खाली घातली. "लाईन वलांडताना आपल्या चुकीनं परला. आपल्या आपन."

वैनी दारात उभी होती. तान्हं पोर कडेवर. मी तिच्याकडं बघितलं. वाटलं, ही म्हाताऱ्याला हाकलून देईल.

ती म्हणाली, "सांग की मग. त्यो गेला. त्याला आता काय, रूळ मोडला काय नि न्हाय मोडला काय. ही दोन हायत ना मागं."

तिचं चुकत नव्हतं. घरात पेज होती तीही शेजारणीच्या तांदळाची. मी हो म्हणालो.

चौकशीच्या दिवशी खाजणातून बांधावरून चालत निघालो. वाटेत तोंडानं घोकत होतो. रूळ तडकला होता. रूळ तडकला होता. पाठ झालं. जीभ अडखळेना. खोटं इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. आणि मग दादाचा तो सवाल आठवला. आपल्यासाठी?

मी बांधावरच बसलो. रूळ तडकला होता म्हटलं की गाडी रुळासाठी थांबली. मग दादाला मी खोटं सांगितलं. आयुष्यात एकदा त्याच्यासाठी काहीतरी थांबलं होतं, तेही काढून घ्यायचं. मेल्यावर. आणि काढून घेणारा मी.

चौकशीच्या खोलीत पंखा फिरत होता. मोठा साहेब खुर्चीत, आमचा साहेब खुर्चीत, लिहिणारा कारकून खुर्चीत. मी उभा. आमच्या साहेबानं माझ्याकडं बघितलं. पहिल्यांदा तोंडाकडं बघितलं. मवाळ आवाजात म्हणाला, "बोल. घाबरू नकोस."

मोठ्या साहेबानं विचारलं, "रुळात दोष होता?"

"न्हाय. रूळ चांगला होता."

आमच्या साहेबाचा हात टेबलावरून खाली गेला.

"मग गाडी का थांबवलीस?"

"मानूस मोडला होता."

"नियम माहीत आहे ना?"

"हाय. रूळ मोडला तर थांबवायची. मानूस मोडला तर काय करायचं त्ये कुनी शिकवलं न्हाय."

मग मी थांबलो नाही. माणसं कमी होती ते सांगितलं. निम्मी गँग बंगल्यावर चुना मारत होती ते सांगितलं. तो रूळ त्या दिवशी उचलायची काही गरज नव्हती ते सांगितलं. गादीचं सांगितलं. पांढऱ्या अभ्र्याचं सांगितलं. कारकून लिहीत होता. अभ्र्यापाशी मोठ्या साहेबानं हात वर केला.

"हे लिहू नका," म्हणाला.

कारकुनानं लिहिलं नाही.

माझी नोकरी गेली. चौकशीत विचारलं तर गँगमधल्या कुणालाच काही दिसलं नव्हतं. ट्रॉलीवरचे ते तिघंही गप्प बसले, मी त्यांना बोल लावला नाही. साहेबाची पुढं बढती झाली. वैनीला काही मिळालं नाही. ती लाईनीवर खडीची घमेली वाहायला जाते, ठेकेदाराकडं. मी परत आगरात उतरलो. बापासारखीच भोकं माझ्याही पायाला पडायला लागलीत. वैनी एकदा म्हणाली, "तू खरं बोललास. माझी चूल त्यानं पेटली न्हाय." तेही खरंच होतं.

हिराजी मध्ये येऊन गेला. म्हणाला, साहेबाचे पाय धर, घेतील परत. मी म्हटलं, "मुकादम, त्यांच्या पायांशी माझं काही काम न्हाय."

पण लाईनीवर मी जातो. आगरातलं काम उरकलं की भरावावर जातो, जिथं गँग लागलेली असेल तिथं. नवी पोरं भरती झालीयत. कोवळी, आगरातून सुटलो म्हणून खूश असलेली. त्यांना सांगतो. दादाचं नाव घेऊन सगळं सांगतो. अभ्र्यासकट. आणि एवढंच म्हणतो, माणसं कमी असली तर रूळ उचलायचा नाही. उचलला असेल तर खाली ठेवायचा. सगळ्यांनी मिळून. साहेब ओरडला तर ओरडू दे.

दोनदा मला तिथून हाकललं. एकदा मारलं. पोरं माझ्याकडं बघतात आणि खाली बघतात. भितात. मीही भ्यायचो.

दादासाठी मी अजून रडलो नाही. रडणार नाही. आधी ही गँग एकदा तरी रूळ खाली ठेवताना मला बघायचीय.

उद्या परत जाणार आहे.