काझीचाचांची भीती

धाकट्या बहिणीचा फोन आला तेव्हा मी सातवीच्या वर्गावर होते. "आपा, काझीचाचा गेले. झोपेतच." मला रडू आलं नाही... आधी मी वर्गाच्या दाराला आतून कडी घातली. मुलं बघत राहिली. आज महिना उलटून गेलाय, पण त्या कडीची मला लाज वाटत नाही. ती भीती कसली, हे माझ्याइतकं फक्त काझीचाचांनाच ठाऊक होतं.

श्रीरामपुरात आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीच्या माडीवर दारुल कझा आहे, म्हणजे निकाह, तलाक, वारसा असले तंटे शरियतप्रमाणे ऐकणारी काझीची कचेरी. चाचा तिथे बसत. सुनावणीत अदबशीर उर्दू, आणि एरवी श्रीगोंद्याकडच्या आपल्या गावची मराठी.

नवऱ्याच्या मारहाणीला भिऊन मी लहान मुलीला घेऊन केडगावहून माहेरी आले होते. तो नीट नांदवत नव्हता आणि तलाकही देत नव्हता. "मरेपर्यंत माझीच राहशील," असा निरोप यायचा, आणि मागोमाग त्याचे भाऊ मोटारसायकलवरून आमच्या गल्लीत चकरा मारायचे. मी कोर्टात जाते म्हटलं, तर अब्बा म्हणाले, "कोर्ट सोडवील गं, पण काझीनं सोडवल्याशिवाय लोक तुला त्याचीच बायको म्हणतील." म्हणून मी तो जिना चढले.

बऱ्याच बोलावण्यांनंतर नवरा आला, दोन्ही भावांना घेऊन. माझ्याकडे न पाहता हळूच म्हणाला, "खाली उतर, मग बघतो." चाचांनी ते ऐकलं. ते उठले, आपली सतरंजी उचलली आणि आम्हा दोघांच्या मधोमध टाकून बसले. तेव्हा थोरला भाऊ म्हणाला, "चाचा, तुम्हालाही याच गावात राहायचंय..."

चाचांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी पाणी मागितलं, तर पेला दातांवर खडखडत होता. मला वाटलं, संपलं. आता हे 'समजुतीनं घ्या' म्हणणार. पण पेला खाली ठेवून त्यांनी उरलेल्या साक्षी ऐकल्या आणि निकाह रद्द केल्याचा निकाल दिला.

ते लोक गेल्यावर मी आभार मानू लागले, तर म्हणाले, "अजून काय झालं न्हाई पोरी. उद्या वकील गाठ. माझ्या निकालामागं पोलीस न्हाई, कुनी मानला तर मानला. काही मुलकांत काझीच्या हुकमावर शिपाई धावतो. हितं कोर्टाचंच चालतं, आन् ते बरं हाय. मी चुकलो तर तुला दाद मागायला जागा हाय."

घरची गोष्ट कोर्टात नेऊ नका, असं मोहल्ल्यातल्या जाणत्यांनी त्यांना बजावलं होतं. तरी माझ्या घटस्फोटाच्या दाव्यात साक्षीला ते कोर्टात आले. आवारात ते दोघे भाऊ गाडीला टेकून उभे होते. त्यांच्यासमोरून जाताना चाचा ओठांतल्या ओठांत दुआ पुटपुटत होते.

"चाचा, भीती वाटतेय?"

"लई," ते म्हणाले. "तू चालत ऱ्हा."

आणि साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून त्यांनी ती धमकी शब्दाला शब्द सांगितली. कोर्टानं मला घटस्फोट दिला, मुलगी माझ्याकडे ठेवली. भावांच्या चकरा हळूहळू थांबल्या. माझी भीती काही थांबली नाही. अजूनही मागून येणारी गाडी जरा हळू झाली की मी जवळच्या दुकानात शिरते.

परवा चाचींना भेटायला गेले. त्यांनी विचारलं, "आता शाळा सुटल्यावर एकटीच येतीस?"

"मी एकटीच यायचे की चाची."

"एकटी कुठं? तुजे चाचा हुते ना."

शाळेसमोरच्या चहाच्या टपरीवर ते रोज पेपर घेऊन बसलेले दिसायचे. मी सलाम करून पुढे जायचे. वाटायचं, म्हातारपणी वेळ घालवायला येत असतील.

"पेपर कुठं वाचायचे?" चाची म्हणाल्या. "तू कोपऱ्यावर वळस्तोवर नुसता धरून बसायचे. मी म्हनायचे, कुनी आलंच तर तुमी काय करनार? तर म्हनायचे, काय न्हाई करनार. पन भ्यायलेलं मानूस एकलं नसावं..."

काल शाळा सुटल्यावर मी त्या टपरीच्या बाकावर टेकले. तिथला पेपर उचलून तोंडापुढे धरला. अक्षरं हलत होती. जरा वेळानं पेपर ठेवला आणि कोपऱ्याकडे चालू लागले. तेवढ्याशा अंतरात किती वेळा मागे वळून पाहिलं, कुणास ठाऊक. बाक रिकामाच होता.