नातीचं मंगळसूत्र आणि बास्केटबॉल

मुलगा इंग्लंडात डॉक्टर, म्हणून नवरा गेल्यावर मी मिल्टन कीन्सला त्याच्याकडे आले. मी चौथी शिकलेली. घरात माझं काम नात सांभाळायचं. ती पंधराव्या वर्षीच बापापेक्षा उंच झाली. सून म्हणायची, हिला नवरा कुठून आणायचा? मी म्हटलं, शिडी आण.

कॉलेजात तिला बास्केटबॉलच्या टीममध्ये घेतलं. मुलींचा तो खेळ तेव्हा कोणी बघत नसे. हॉलमध्ये आम्ही घरची माणसं आणि रिकाम्या खुर्च्या. खेळ समजायला अवघड नव्हता. बाकीच्या पोरी चेंडू हिच्याकडे द्यायच्या आणि ही जाळीत टाकायची. पुढे पुढे दुसऱ्या कॉलेजची पोरं हिलाच बघायला येऊ लागली. लोकल पेपरात फोटो आला. सुनेने तो फ्रिजवर लावला, पण पाहुणे यायचे असले की काढून ठेवायची. फोटोत पाय उघडे होते.

लीड्सच्या हॉस्पिटलमधल्या एका डॉक्टरने तिला पसंत केलं. तो तिच्यापेक्षा बुटका होता, पण त्याला चालत होतं. कॉलेज संपायच्या आतच भटजी बोलावून लग्न झालं. हातभर हिरवा चुडा भरला.

त्याच महिन्यात बास्केटबॉलची फायनल होती. इंग्लंडच्या टीमसाठी मुली निवडणारी बाई त्या दिवशी येणार होती. त्यासाठीच नातीने लग्न पुढे ढकला म्हणून सांगितलं होतं. तिचं कोणी ऐकलं नव्हतं.

मॅचला लीड्सहून तिची सासू आणि नवरा आले. रेफरीने नातीचे हात पाहिले, गळा पाहिला आणि सांगितलं, हे सगळं काढ, नाहीतर बाहेर बस. सून म्हणाली, चुडा असा आपण होऊन काढत नाहीत, वरून पट्टी गुंडाळ. रेफरी पट्टीलाही तयार होईना. नातजावई म्हणाला, काढू दे की. त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. सासू तोंड आवळून बसली होती.

मी नातीला बाथरूममध्ये नेलं आणि साबण लावून बांगड्या उतरवल्या. एक फुटली. मंगळसूत्र तिने स्वतः काढलं. बाहेर येऊन ते आईपुढे धरलं. आईने हात मागे घेतले. सासूनेही घेतले. मग ती माझ्याकडे वळली.

"आजी, तू पकड."

"आई, तुम्ही नका हो घेऊ," सून हळूच म्हणाली. "तुमच्या हातात कसं…"

विधवेच्या हातात सवाष्णीचं मंगळसूत्र, हे तिच्या तोंडून निघेना.

"माझं मी झोपतानासुद्धा काढलं नव्हतं," मी म्हटलं. "तरी तुझे सासरे गेलेच."

मी ते पदराला गाठ मारून बांधलं आणि नात खेळायला गेली. मॅच नातीची टीम थोडक्यात हरली. पण निवडणाऱ्या बाईने एकट्या हिला जवळ बोलावलं, पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ बोलली. नात परत आली ती हात पुढे करूनच. मी गाठ सोडून मंगळसूत्र तिच्या हातावर ठेवलं.

इंग्लंडसाठी ती काही वर्षं खेळली. मॅचला मंगळसूत्र माझ्याच पदरात असायचं. पुढे लीड्सच्या एका मॅचला तिच्या सासूने न मागता हात पुढे केला, तेव्हापासून माझं जाणं कमी झालं. तेवढी मोटारीतली आपटाआपटी वाचली.

मग तिचा गुडघा गेला. ऑपरेशन झालं, खेळ सुटला. आता ती शाळेत मुलांना खेळ शिकवते. फारशी हळहळत नाही. हळहळते ती तिची आई. तिचं म्हणणं, त्या दिवशी ते माझ्या हातात द्यायलाच नको होतं.

मी तिला सांगते, मंगळसूत्र नवऱ्यासाठी घालतात, गुडघ्यासाठी नाही. नवरा ठणठणीत आहे. डोक्यावरचे केस तेवढे गेले.