सांध्यावरची घरं

नवऱ्यालासुद्धा हे कधी बोलले नाही. तुम्हाला का सांगतेय— माझं मलाच ठाऊक नाही.

मी साताऱ्याची, लग्न करून चेन्नईला आले. मैलापूरच्या एका लहानशा ऑफिसात जुने नकाशे कॉम्प्युटरवर गिरवायची नोकरी लागली. कापडावर चिकटवलेले, घडीवर विरलेले नकाशे. एका नदीच्या खोऱ्याचे दोन नकाशे शेजारी लावले, तर सांध्यावर नदी जुळेना. हे नेहमीचंच, दोन्हीकडून जरा ओढून घ्यायचं. मी ओढलं— आणि काठावरच्या वाडीची घरं, ते काळे ठिपके, थेट पात्रात गेले! आता पाण्यात घरं कशी दाखवणार? सगळं पुन्हा करायचं माझ्या जिवावर आलं. पुसून टाकली. मेले सात-आठ ठिपके तर होते, कोण बघतंय?

मग त्या खोऱ्यात धरण ठरलं. आमच्या नकाशात ज्या वाड्या होत्या, त्यांना दुसरीकडे जमीन मिळणार होती. एक दिवस बस बदलत बदलत एक म्हातारी आली, कमलाम्मा. मला "कण्णू" म्हणाली— इथे लेकराला म्हणतात तसं. "कण्णू, आमची वाडी नव्या नकाशात नाही म्हणे. जुन्यात बघ ना, असेल."

जुना नकाशा माझ्या पाठीमागच्या कपाटात होता. किल्ली माझ्याच ड्रॉवरमध्ये. नुसतं उठायचं होतं हो— उठले का मी? चूक उघडी पडली तर नोकरी जाईल, या भीतीने माझी पाचावर धारण बसली होती.

"बघितलं अम्मा. जुन्यातही नाही."

भांडली असती, शिव्या घातल्या असत्या, तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "तुम्ही शिकलेली माणसं. बरोबरच असेल." पिशवीतली केळी माझ्या टेबलावर ठेवली आणि गेली. मी— लाज वाटते सांगायला— ती घरी नेली. मुलांनी खाल्ली.

तिला जमीन मिळाली नाही. त्या वाडीतल्या कुणालाच मिळाली नाही, साहेबच एकदा चहा पिताना म्हणाले. मी मान डोलावली.

अण्णा नगरहून मेट्रोत बसले, की हात आपोआप फोनकडे जातो. ते खोरं उघडते, बोटांनी मोठं करत जाते. धरण कधीच भरलंय. जिथली घरं मी पुसली, तिथे आता नुसतं निळं पाणी आहे.

माझा नकाशा अगदी बरोबर आहे.